जुन्या ॲम्ब्युलन्सचे झेनॉन फ्लॅश काढून सिंक होणारे एलईडी दिवे बसवताना

गणेश मंडळं, पतसंस्था, देवस्थानं आणि लहान ट्रस्ट यांच्या ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात गावोगाव आहेत. १०८ची गाडी दुसऱ्या कॉलवर गेलेली असते तेव्हा याच धावतात. त्यांतल्या जुन्या गाड्यांच्या टपावर अजून फिरता हॅलोजन दिवा किंवा झेनॉनचे फ्लॅश आहेत. दिवा अर्धा बंद पडला की कुणीतरी देणगी देतं, बाजारातून एलईडीच्या पट्ट्या येतात आणि जागा दिसेल तिथे त्या लागतात. गाडी लखलखते खरी, पण रात्री हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती नेमकी कुठे आहे, केवढी आहे, चालली आहे की उभी आहे, हे काहीच कळत नाही.

अशा गाडीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे आणि हे काम जे पहिल्यांदाच करून घेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वायरिंग तुम्ही स्वतः कराल किंवा गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनकडून कराल. दोन्ही वेळी काय मागायचं आणि काय तपासायचं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. एक गोष्ट आधीच सांगतो. दिवे जास्त लावल्याने गाडी जास्त दिसत नाही. मोजके दिवे, योग्य जागी आणि एका तालात चालले, तर ती दिसते.

सिंक म्हणजे काय, आणि ते कशाला हवं

प्रत्येक एलईडी हेडच्या, म्हणजे एकेका सुट्या दिव्याच्या, पोटात स्वतःचा ड्रायव्हर (दिवा चालवणारं सर्किट) असतो आणि त्याचं स्वतःचं घड्याळ असतं. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन हेड एकदम चालू केले तरी त्यांची घड्याळं किंचित मागेपुढे असतात. थोड्याच वेळात त्यांची लय सुटते. सेकंदाला दोनदा चमकणारे चार दिवे असे सुटे चालले, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सेकंदाला आठ चमका आदळतात, त्याही वेड्यावाकड्या. मेंदूला त्यातून गाडीचा आकार जुळवता येत नाही. सिंक म्हणजे सगळ्या दिव्यांना एका तालात बांधणं. हेच चार दिवे एकदम चमकले की चार कोपरे एका क्षणी दिसतात आणि मधली गाडी आपोआप डोळ्यांपुढे उभी राहते.

दुसरं कारण तब्येतीचं आहे. प्रकाशामुळे फिट येण्याचा त्रास काही लोकांना असतो, आणि सेकंदाला तीनाच्या पुढे, विशेषतः पंधरा ते पंचवीस चमकांच्या आसपास, तो धोका जास्त असतो. गाड्यांच्या इशारा-दिव्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे आर६५. तो सेकंदाला दोन ते चार चमकांची मर्यादा घालतो. पण ती मर्यादा एका दिव्यासाठी आहे. सिंक नसलेले आठ दिवे मिळून ती सहज ओलांडतात.

आधी कागद, मग पाना

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम क्रमांक १०८ हा, गाडीवर कोणत्या रंगाचा दिवा कुठे चालेल हे ठरवतो. १ मे २०१७ पासून मंत्र्या-अधिकाऱ्यांचे लाल दिवे गेले, पण अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन आणि ॲम्ब्युलन्स यांना दिवा लावण्याची मुभा कायम आहे. ॲम्ब्युलन्ससाठी नियमात जांभळ्या काचेतल्या लाल ब्लिंकरचा उल्लेख आहे. शिवाय ॲम्ब्युलन्सच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे वेगळं मानक आहे, आणि त्यात गाड्यांचे ए ते डी असे चार प्रकार केले आहेत. तुमची गाडी यातल्या एखाद्या प्रकारात नोंदली आहे का, ते आरसी बुकावर पाहा.

दुकानदार ‘सगळे हाच रंग लावतात’ म्हणाला, एवढ्यावर रंग ठरवू नका. ट्रस्टच्या लेटरहेडवर आरटीओला अर्ज द्या. गाडी नंबर, सध्याचे दिवे, नवीन दिव्यांचा रंग आणि जागा, सगळं लिहा. कोणता रंग कोणत्या बाजूला चालेल, याचं उत्तर लेखी घ्या. मूळ बनावटीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे लागू होतं का, हेही त्याच अर्जात विचारा. गाडी पासिंगला नेल्यावर दिवे उतरवायला लागण्यापेक्षा हा एक कागद परवडतो. विमा कंपनीलाही या बदलाचं पत्र द्या.

जुनं काढताना: झेनॉनच्या डब्याशी खेळू नका

फिरता हॅलोजन दिवा ओळखणं सोपं. आत बल्ब, त्याच्याभोवती फिरणारा आरसा आणि मोटारीची घरघर. ५५ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर करंट खातो. हा काढण्यात धोका नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि खोला.

झेनॉनची गोष्ट वेगळी आहे. काचेची वळलेली नळी, चमकताना येणारा ‘टिक टिक’ आवाज आणि सीटखाली किंवा टपाच्या अस्तरामागे लपवलेला एक जड डबा, ही त्याची खूण. हा डबा बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काहीशे व्होल्ट साठवतो, आणि नळी पेटवण्याचा झटका तर हजारो व्होल्टचा असतो. स्विच बंद केला, बॅटरी काढली, तरी कपॅसिटर भरलेलाच राहू शकतो. तो झटका जिवावर बेतू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. दिवे बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि निदान पंधरा मिनिटं त्या डब्याला हातही लावू नका. नंतर मल्टिमीटर डीसीच्या सर्वांत मोठ्या रेंजवर लावून नळीकडे जाणाऱ्या वायरींवर व्होल्टेज तपासा. आकडा शून्याजवळ नसेल तर थांबा आणि जाणकाराला बोलवा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ‘डिस्चार्ज’ करण्याची गॅरेजमधली पद्धत कुणाला करू देऊ नका. डब्याचं झाकण तर मुळीच उघडायचं नाही.

दुसरी सक्त सूचना: नवीन एलईडी हेड जुन्या झेनॉनच्या डब्यातून येणाऱ्या वायरींना कधीही जोडू नका. कनेक्टर बसतो म्हणून लोक जोडतात, आणि हेड त्याच क्षणी जळतो. डबा गाडीतून पूर्ण बाहेर काढा. जुन्या वायरी मात्र लगेच ओढून टाकू नका. त्यांच्या टोकाला नवी वायर बांधून ओढली, की ती अस्तराच्या आतून हवी तिथे सरळ येते.

खरेदी

आधी गाडीचं व्होल्टेज पाहा. ट्रॅव्हलर, विंगर, ईको अशा गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. मोठ्या ट्रकच्या चासीवरच्या फायर टेंडरना बहुतेक २४ व्होल्ट असतात. १० ते ३० व्होल्ट चालणारे हेड मिळतात, तेच घ्या. चार्जिंग सुरू असताना १२ व्होल्टच्या गाडीतही १४ च्या वर व्होल्टेज जातं, आणि फक्त ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले स्वस्त हेड तिथेच मरतात.

हेडला निदान तीन वायरी हव्यात: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि सिंकची. बऱ्याच हेडवर सिंकची वायर पिवळी असते, पण रंगावर विसंबू नका, सोबतचा कागद वाचा. दोनच वायरी असलेला हेड कितीही चकाकला तरी सिंक होणार नाही. आर६५ ची खूण असेल तर त्यातला वर्ग पाहा. वर्ग १ म्हणजे एकच तीव्रता, वर्ग २ म्हणजे दिवसा प्रखर आणि रात्री मंद अशा दोन तीव्रता. ॲम्ब्युलन्ससाठी वर्ग २ च घ्यावा असं माझं ठाम मत आहे. दिवसा उन्हात दिसेल एवढा प्रकाश रात्री समोरच्याचे डोळे दिपवतो. मग रस्त्यावर उतरलेला तुमचाच माणूस, स्ट्रेचर धरून उभा असताना, त्याला दिसत नाही.

पाण्यापासून संरक्षण आयपी६७ असावं. कोकणात गाडी असेल तर ब्रॅकेटचे स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधे स्क्रू टिकत नाहीत.

सगळे हेड एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच लॉटमधले घ्या. दोन कंपन्यांचे हेड सहसा सिंक होत नाहीत, कारण सिंकच्या वायरीवरचा इशारा प्रत्येकाचा वेगळा. आणि एक हेड जास्तीचा घ्या. दोन वर्षांनी एक हेड फुटला आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं, तर सिंकसाठी सगळेच बदलावे लागतील.

जागा ठरवताना

इथे सर्वांत जास्त विचार करा. गाडीभोवती एक चक्कर मारा आणि दर बाजूला थांबून स्वतःला विचारा: ‘इथून येणाऱ्याला काय दिसलं पाहिजे?’

पुढून दोन उंचींवर दिवे हवेत. टपावरचे लांबून दिसतात. पण पुढे चाललेल्या कारच्या आरशात टपावरचा दिवा येतच नाही, म्हणून ग्रिलवर, कारच्या आरशाच्या उंचीला, दोन हेड असावेत. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्यावर २०१९ च्या सुधारित कायद्यात दहा हजारांचा दंड आहे, पण त्याला आधी गाडी दिसली पाहिजे. बाजूंसाठी टपाच्या कडेला एकेक पुरेसा आहे. चौकात आडवी येणारी गाडी तोच पाहते.

मागची बाजू सगळ्यांत दुर्लक्षित असते आणि धोका तिथेच सर्वांत जास्त असतो. अपघाताच्या ठिकाणी गाडी उभी आहे, मागचे दरवाजे उघडे आहेत, आत-बाहेर माणसं आहेत. दिवे दरवाज्यांवर बसवले असतील तर दरवाजे उघडताच त्यांची तोंडं बाजूला वळतात आणि मागे अंधार. म्हणून मागचे हेड दरवाज्यांच्या चौकटीवर बसवा, दोन वरच्या कोपऱ्यांत आणि जमल्यास दोन बंपरजवळ. मागे पांढरा चमकता दिवा लावू नका, तो दिपवतो. माणसांना काम करायला पांढरा प्रकाश हवाच असतो, तो वेगळ्या स्विचवर, न चमकणारा आणि जमिनीकडे तोंड असलेला ठेवा.

ड्रिल लावण्यापूर्वी आतलं अस्तर सोडवून पाहा. ॲम्ब्युलन्समध्ये टपात आणि बाजूच्या पॅनेलमागे ऑक्सिजनची पाइपलाइन असू शकते, एसीचे डक्ट असतात, वायरिंगचे जुडगे असतात. अंदाजाने भोक पाडू नका. काम सुरू करण्याआधी सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा आणि शक्य असेल तर सिलिंडर बाहेर ठेवा. सगळे दरवाजे उघडे असू द्या. ऑक्सिजन साठलेल्या जागी एक ठिणगीही महाग पडते.

भोकाच्या कडेला जो उघडा पत्रा दिसतो त्याला प्रायमर लावा, रबरी ग्रोमेट (कडं) बसवा आणि मगच वायर घाला. सील करायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा आणि तांबं दोन्ही खातं.

हिशोब आणि वायरिंग

समजा आठ हेड आहेत आणि प्रत्येक जास्तीत जास्त १.२ अँपिअर घेतो. सगळे एकदम चमकले तर ९.६ अँपिअर. त्यावर पाव भाग सोडला की बारा, म्हणून मुख्य फ्यूज १५ अँपिअरचा. सिंक केल्यावर करंट एकाच क्षणी लागतो, हे विसरून अनेक जण सरासरीवर फ्यूज ठरवतात आणि मग फ्यूज का उडतो ते शोधत बसतात.

वायरची जाडी लांबीवर ठरते. बॅटरीपासून मागच्या हेडपर्यंत पाच मीटर धरले तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. ९.६ अँपिअरला २.५ चौरस मिमी वायरमध्ये साधारण ०.७ व्होल्ट पडतात, १.५ मध्ये १.१ आणि ०.७५ मध्ये सव्वादोन. मुख्य वायर २.५ चीच घ्या, पॉझिटिव्हही आणि निगेटिव्हही.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. पुढे चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा डबा: ३० नंबरला फ्यूजमधून आलेली लाइन, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला डॅशबोर्डच्या स्विचची लाइन, ८५ ला अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोड. रिलेनंतर छोटा फ्यूजबॉक्स लावा आणि पुढचे, बाजूचे, मागचे असे वेगळे गट ५ अँपिअरच्या फ्यूजवर ठेवा. एका हेडमध्ये पाणी शिरलं तर बाकीचे चालू राहतात. शिवाय हेडची बारीक वायर १५ च्या फ्यूजने वाचत नाही, ५ च्या फ्यूजने वाचते. मागच्या गटाला आणि रात्रीच्या मंद प्रकाशाला वेगळा स्विच ठेवा, त्याचा उपयोग खाली येतो.

लाइन थेट बॅटरीवरून घ्या, इग्निशनवरून नको. गाडी बंद करून किल्ली काढल्यावरही मागचे दिवे चालले पाहिजेत.

अर्थ मात्र जपून करा. प्रत्येक हेडची काळी वायर जवळच्या स्क्रूला टेकवायची सवय इथे चालत नाही. सिंकच्या वायरीवरचा इशारा म्हणजे निगेटिव्हच्या तुलनेत मोजलेलं छोटं व्होल्टेज. पुढच्या हेडची अर्थ चांगली आणि मागच्याची गंजलेली असली, तर मागच्याला तो इशारा चुकीचा कळतो. दिवे थोडा वेळ सिंक राहतात आणि मग सुटतात. अशा वेळी लोक हेड बदलतात, दोष अर्थचा असतो. सगळ्या काळ्या वायरी एका बसबारवर (अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवर) आणा आणि तिथून जाड वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा.

जोड पिळून टेप गुंडाळून करू नका. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा आणि त्यावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. हेडमध्ये वायर शिरते तिथे तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल.

सिंक जोडणं

आधी सिंकच्या वायरी सुट्या ठेवूनच सगळे हेड चालू होतात का ते पाहा. मग प्रत्येक हेडवर एकच पॅटर्न (चमकण्याची तऱ्हा) निवडा. बहुतेक हेडमध्ये सिंकची वायर क्षणभर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्हला टेकवली की पुढचा पॅटर्न येतो आणि जास्त वेळ धरली की मागचा किंवा मूळचा. कशाला टेकवायची, किती सेकंद धरायची, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून कागद समोर ठेवा.

पॅटर्न निवडताना साधा आणि संथ घ्या. पाच-सहा झटपट चमकांचे पॅटर्न दुकानात छान दिसतात, रस्त्यावर डोळ्याला त्रास देतात. शक्यतो प्रत्येक पॅटर्नला फेज १ आणि फेज २ असे दोन भाग असलेला हेड घ्या. फेज १ चे दिवे चमकतात तेव्हा फेज २ चे विझलेले असतात. पुढे डावी बाजू फेज १ वर आणि उजवी फेज २ वर ठेवली की दिवे आळीपाळीने चालतात, आणि धावणाऱ्या गाडीला ते हवंच. मागे मात्र सगळे कोपरे एकाच फेजवर ठेवा. उभ्या गाडीची रुंदी आणि उंची मागच्याला एका नजरेत कळली पाहिजे.

सगळ्यांवर पॅटर्न नीट बसला की बॅटरी काढून सिंकच्या वायरी एकत्र जोडा. एका जोडीत किती हेड चालतात याची मर्यादा कागदावर असते, ती ओलांडू नका. मोकळं राहिलेलं प्रत्येक टोक हीट-श्रिंकने बंद करा. उघडं टोक बॉडीला लागलं तर गाडी हादरली की पॅटर्न आपोआप बदलतो.

तपासणी

दिवे चालू करा आणि मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, २४० फ्रेमचा असेल तर उत्तम. डोळ्याला न दिसणारा फरक त्यात लगेच दिसतो. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा घ्या. हेड गरम झाल्यावर लय सुटते का, ते तेव्हा कळतं. हेडच्या मागचा धातू हात टेकवता येणार नाही इतका तापत असेल, तर तो पत्र्याला नीट टेकलेला नाही.

मग गाडीतली वायरलेस, जीपीएस आणि ईसीजी मॉनिटर एकेक चालू करून पाहा. हेडमधले स्वस्त ड्रायव्हर रेडिओच्या लहरींत खरखर मिसळतात. वायरलेसवर खरखर आली किंवा मॉनिटरची रेषा थरथरली तर दिवे बंद करून पाहा. थांबली तर तो हेड ॲम्ब्युलन्सच्या लायकीचा नाही, परत करा.

शेवटी अंधार पडल्यावर गाडी मोकळ्या मैदानात उभी करा आणि शंभर पावलं मागे जा. एका माणसाला मागच्या दरवाज्याजवळ उभं राहायला सांगा, अंगावर चमकपट्टीचं जॅकेट असू दे. दिव्यांच्या झगमगाटात तो दिसत नसेल तर तीव्रता कमी करा, मंद स्विच त्यासाठीच आहे. तो माणूस दिसेपर्यंत हे काम पुरं झालं असं समजू नका.

चालकाला शिकवणं

दोन सवयी लावा. पेशंटकडे धावताना सगळे दिवे, दिवसा प्रखर आणि रात्री मंद. जागेवर पोचून गाडी उभी केली की पुढचे आणि बाजूचे बंद, फक्त मागचा गट चालू. उभ्या गाडीचे पुढचे दिवे समोरून येणाऱ्याला उगाच दिपवतात. मागच्या चार हेडना सगळे मिळून सरासरी दोन-तीन अँपिअर लागतात, त्यामुळे तासभर थांबलं तरी चांगली बॅटरी बसत नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक हेडचं सील, अर्थचा बसबार आणि फ्यूजबॉक्स उघडून पाहा. हिरवट गंज दिसला तर घासून पुन्हा क्रिंप करा. आणि एका कागदावर वायरिंगचा नकाशा, हेडचं मॉडेल, पॅटर्नचा क्रमांक, कोणता हेड कोणत्या फेजवर आहे आणि कोणता फ्यूज कशाचा, हे सगळं लिहून लॅमिनेट करा आणि आरसीच्या झेरॉक्सबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. जास्तीचा हेड ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि कोणत्या कपाटात आहे तेही त्याच कागदावर लिहा.